सोलापुरात राहून डिमेन्शियाच्या संशोधनात सहभागी कसं व्हायचं

मेंदूच्या आजारांवरचं संशोधन पुण्यामुंबईला होतं, बंगळुरूला होतं, आपण फार तर पेपरात त्याची बातमी वाचायची, असं सोलापूरकरांनी ठरवूनच टाकलंय. पण या विषयातले कितीतरी प्रश्न आपल्या पूर्व भागातल्या गल्ल्यांत पडलेले आहेत आणि ते उचलायला कुणी आलेलं नाही.

एक उदाहरण घ्या. तेव्हा हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये असलेल्या डॉ. सुवर्णा अल्लादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डिमेन्शियाच्या, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या, ६४८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या आणि २०१३ साली निष्कर्ष मांडला. दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांत आजाराची लक्षणं सरासरी साडेचार वर्षं उशिरा दिसली होती, आणि शाळेचं तोंड न पाहिलेल्यांतही हा फरक होता. पुढचे सगळे अभ्यास याच्याशी सहमत नाहीत, वाद चालू आहे. मग घरात तेलुगू, बाजारात मराठी, शेजारी कन्नड आणि कारखान्यात दखनी बोलत आयुष्य काढलेली माणसं जिथे हजारोंनी आहेत, तिथे हा प्रश्न तपासायला नको?

दुसरं उदाहरण यंत्रमागाचं. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये डिमेन्शियाचे टाळता येण्याजोगे १४ धोके मोजले. सगळे आटोक्यात आले तर जगातले सुमारे ४५ टक्के रुग्ण टळू किंवा लांबू शकतील असा त्यांचा अंदाज आहे. कमी ऐकू येणं हा त्यातला एक मोठा धोका, आणि कमी शिक्षण हा दुसरा. तीस-तीस वर्षं लूमच्या खडखडाटात काढलेल्या माणसाचे कान आणि विडी वळत मोठ्या झालेल्या, चौथीच्या पुढे न गेलेल्या बाईची शाळा यांचा पुढे स्मरणशक्तीशी काय संबंध लागतो, हे तपासायला सोलापूरपेक्षा योग्य गाव शोधून सापडणार नाही.

भारतात साठीच्या पुढच्या साधारण ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना. हा अंदाज २०२३ साली लासी-डॅड या राष्ट्रीय अभ्यासातून आला. प्रमाण शहरांपेक्षा खेड्यांत आणि पुरुषांपेक्षा बायकांत जास्त निघालं. प्रत्यक्ष सविस्तर तपासणी झाली ती मात्र देशभरातल्या चार हजारांच्या आसपास लोकांची. तुमची आज्जी त्यात असण्याची शक्यता किती, ते तुम्हीच पाहा.

आधी निदान, मग संशोधन

घरात विसराळूपणा सुरू झाला की ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून दोन-तीन वर्षं सहज निघून जातात. पक्कं निदान नसलेल्या माणसाला कुठलाही अभ्यास रुग्ण म्हणून घेत नाही, तेव्हा सुरुवात दवाखान्यापासूनच. सिव्हिलमध्ये, म्हणजे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, मेडिसिन किंवा मनोविकार विभागाच्या ओपीडीत केसपेपर काढा. खासगी न्यूरॉलॉजिस्ट परवडत असेल तर तिकडे जा.

निदानाआधी काही गोष्टी वगळाव्याच लागतात: बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, झोपेच्या किंवा अ‍ॅलर्जीच्या गोळ्यांचा परिणाम, आणि पडल्यानंतर डोक्यात हळूहळू साचलेलं रक्त. शेवटचं कारण फार वेळा सुटतं. न्हाणीत पाय घसरून पडल्याचं म्हातारी माणसं सांगत नाहीत, आणि सांगितलं तरी दीड महिन्यापूर्वीच्या पडण्याचा आजच्या गोंधळाशी संबंध कुणी जोडत नाही. यातलं काही निघालं तर उपचाराने माणूस बराच सावरू शकतो. संशोधनाचं मग नंतर बघता येईल.

कंपवात (पार्किन्सन) असेल तर निदान बहुधा लवकर होतं, कारण हात थरथरताना सगळ्यांना दिसतो. पण कंपवातातही पुढे स्मरणशक्तीवर परिणाम होऊ शकतो. तो वेगळा सांगा, डॉक्टर विचारतील याची वाट पाहू नका.

फाइल तयार करा

बहुतेक घरं इथेच कमी पडतात. डिमेन्शियाच्या अभ्यासात रुग्णाइतकाच महत्त्वाचा असतो त्याला ओळखणारा माणूस. रुग्ण स्वतः म्हणणार, ‘मला काय धाड भरलीय?’ संशोधकाला हवी असते तुलना: दहा वर्षांपूर्वी हा माणूस काय करत होता आणि आज काय करतो. जगभर वापरली जाणारी एक प्रश्नावली तर याच दहा वर्षांच्या तुलनेवर उभी आहे. म्हणून घरातलं कुणीतरी एक ठरवा, आणि तो माणूस शक्यतो बदलू नका. पहिल्या भेटीला सून, दुसऱ्या भेटीला पुण्याचा मुलगा असं झालं की उत्तरं जुळत नाहीत आणि माहिती वाया जाते. मान मुलाला असला तरी माहिती बहुतेक सुनेकडे असते. तिलाच पुढे बसवा.

एक साधी वही करा. ‘विसरतात’ एवढं लिहून भागत नाही, प्रसंग लिहा. बाजारातून सुटे पैसे मोजून आणणारे नाना कधीपासून नोट देऊन तसेच निघून येतात? कडक भाकरी थापणाऱ्या आईचं पीठ कधीपासून सैल होतं? सिद्धेश्वरच्या देवळातून घरी येताना रस्ता पहिल्यांदा कधी चुकला? सणवार, हिशोब, घरकाम, शेजाऱ्यांशी वागणं, आंघोळ-कपडे यांत प्रत्येकी काय बदललं, ते अंदाजे महिना-वर्ष घालून लिहा. डॉक्टर आजाराची पायरी ठरवतात ती साधारण याच बाबींवरून.

वयाचा प्रश्न वेगळा. आधार कार्डावर बऱ्याच जुन्या लोकांची जन्मतारीख १ जानेवारी किंवा १ जून असते, आणि वय चुकलं की सगळा अभ्यास चुकतो. संशोधक अशा वेळी घटनांची दिनदर्शिका वापरतात, ती तुम्ही आधीच करून ठेवू शकता. १९४८ ला रझाकारांच्या धामधुमीत त्या केवढ्या होत्या? १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेल्या तेव्हा पदरात किती मुलं होती? १९९३ ला किल्लारीच्या भूकंपाने पहाटे घर हादरलं तेव्हा पहिला नातू झाला होता का? अशा दोन-तीन खुणा जुळल्या की वय दोन-चार वर्षांच्या आत पक्कं होतं.

याशिवाय फाइलीत चालू औषधांची यादी (आयुर्वेदिक आणि मेडिकलमधून आपल्या मनाने घेतलेल्या गोळ्यांसकट), एमआरआय झाला असेल तर नुसता कागद नाही, त्याची सीडीही, शाळा कितवीपर्यंत, कोणतं काम किती वर्षं केलं, लहानपणी घरात कोणती भाषा होती आणि नंतर कोणत्या शिकल्या. भाषेची माहिती कुणी मागत नाही. तरी लिहा.

अभ्यास शोधायचा कुठे

औषधचाचण्यांसाठी क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया, म्हणजे सीटीआरआय, हे सरकारी नोंदणीस्थळ आहे. २००७ साली सुरू झालं, २००९ पासून औषधचाचण्यांना तिथे नोंद सक्तीची आहे. कुणालाही फुकट पाहता येतं. आजाराचं नाव इंग्रजीत घालून शोधा. प्रत्येक नोंदीत चाचणी कोणकोणत्या गावातल्या कोणत्या रुग्णालयात आहे, प्रमुख संशोधक कोण, कोणत्या वयाचा आणि कोणत्या पायरीचा रुग्ण चालतो आणि भरती चालू आहे की संपली, हे दिसतं. इंग्रजी वाचायला कॉलेजातल्या नातीला बसवा. कुणी तुम्हाला चाचणीत यायला सांगत असेल तर त्याच्याकडून नोंदणी क्रमांक मागा आणि तो इथे ताडून पाहा. आयुर्वेदाच्या बऱ्याच चाचण्यांच्या नोंदीही इथे सापडतात, तेव्हा आयुर्वेद महाविद्यालयातल्या प्रयोगालाही हेच प्रश्न विचारायचे. काढा आहे म्हणून सूट नाही.

मोठे दीर्घकालीन अभ्यास वेगळ्या पद्धतीने चालतात आणि त्यात आपणहून जाऊन नाव घालता येत नाही. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मेंदू संशोधन केंद्राचा मोठा ग्रामीण अभ्यास कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपूर भागातल्या लोकांवर आहे. सोलापूरहून रेल्वेने तिथे जाऊन कुणी घेणार नाही. मुंबईच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेने ज्यात भाग घेतला त्या लासी या देशव्यापी वार्धक्य-अभ्यासाच्या पहिल्या फेरीत ४५ वर्षांवरच्या ७२ हजारांहून अधिक लोकांच्या मुलाखती झाल्या, पण घरं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडली होती. असं पथक उद्या तुमच्या दारात आलं तर ओळखपत्र पाहा, पत्र वाचा, आणि पटलं तर दार लावू नका. आज्जींची निवड झाली असेल तर ‘त्यांना काय कळतंय, माझीच घ्या मुलाखत’ असंही करू नका. निवडलेल्या माणसाच्या जागी दुसरा बसला की नमुना बिघडतो. आणि दोन-चार वर्षांनी पथक पुन्हा येतं तोवर अर्धं घर हडपसरला गेलेलं असतं. नवा फोन नंबर कळवणं हासुद्धा सहभागच आहे.

गावातच काही व्हावं असं वाटत असेल तर मला जास्त भरवसा वाटतो तो पीएसएम विभागाचा, म्हणजे जनऔषधवैद्यकशास्त्राचा. सर्वेक्षणं तेच करतात. एमडी करणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला प्रबंध लिहावा लागतो आणि विषय प्रवेशानंतर पहिल्या काही महिन्यांतच ठरतो. सिव्हिल झालं, कुंभारीचं अश्विनी ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय झालं, दोन्हीकडे दरवर्षी नवे विद्यार्थी विषय शोधत असतात. एमबीबीएसच्या मुलांसाठी आयसीएमआरची, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची, दोन महिन्यांची विद्यार्थी संशोधन योजना आहे. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर विद्यापीठातही पीएचडीचे विषय निघतात. विभागप्रमुखांना एक पत्र द्या. भाषा साधी ठेवा, अशी:

‘महोदय, आम्ही विडी घरकुल परिसरातले रहिवासी आहोत. आमच्याकडे साठीच्या पुढच्या महिला मोठ्या संख्येने असून बहुतेकांचं आयुष्य विडीकामात गेलं आहे. बऱ्याच जणी तेलुगू आणि मराठी दोन्ही बोलतात. स्मरणशक्तीसंबंधी एखादा अभ्यास आपण किंवा आपले विद्यार्थी हाती घेणार असल्यास समाजमंदिराची जागा, तेलुगू बोलणाऱ्या दोन महिला मदतनीस आणि घरोघरी ओळख करून देण्याची जबाबदारी आम्ही घेऊ. नैतिकता समितीची मंजुरी झाल्यावर कळवावे.’

शेवटचं वाक्य काढू नका. नैतिकता समिती म्हणजे माणसांवरच्या संशोधनाला परवानगी देणारी समिती. ते वाचून समोरच्याला कळतं की हे लोक नुसतं शिबिर मागायला आलेले नाहीत.

सही करण्यापूर्वी

इथे घाई करायची नाही. संमतीपत्र घरी नेऊन वाचण्याचा तुम्हाला हक्क आहे. ते तुमच्या भाषेत हवं, आणि सही झाल्यावर त्याची प्रत आणि माहितीपत्रक तुम्हाला मिळालंच पाहिजे. वाचता येत नसेल तर अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार समोर असताना वाचून दाखवायचं, मग अंगठा.

डिमेन्शियात प्रश्न असा की रुग्णाला स्वतःला किती समजतंय. आजार सुरुवातीचा असेल तर निर्णय त्याचाच, मुलांचा नाही. समजण्याची क्षमता उरली नसेल तेव्हा कायद्याने मान्य प्रतिनिधी संमती देतो, तरीही रुग्णाने हात झटकला, उठून चालू लागला, तर तो नकार मानायचा. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या ९९व्या कलमातही संमती देऊ न शकणाऱ्या व्यक्तीवरच्या संशोधनासाठी राज्य प्राधिकरणाची परवानगी सांगितली आहे. नव्या औषधी रेणूची चाचणी असेल आणि रुग्ण अशा दुर्बल गटातला असेल तर संमतीच्या वेळचं ध्वनिचित्रमुद्रण करावं लागतं. कॅमेरा पाहून बिचकू नका, तो तुमच्या बाजूचा आहे.

विचारायचे प्रश्न थोडेच आहेत, पण उत्तर मिळेपर्यंत सोडायचे नाहीत. हा नुसता निरीक्षणाचा अभ्यास आहे की औषध देणार? औषध असेल तर काहींना औषधासारखी दिसणारी निष्क्रिय गोळी मिळणार का, आणि चालू गोळ्या बंद कराव्या लागणार का? रक्त घेणार असाल तर जनुकीय तपासणी करणार का, आणि नमुने किती वर्षं कुठे ठेवणार? परदेशी संस्थेबरोबरच्या कामाला वेगळी सरकारी मंजुरी लागते, ती झाली का? काही इजा झाली तर? औषधचाचणीत इजा झाल्यास मोफत उपचार आणि चाचणीमुळे झाली असल्यास भरपाई, हे २०१९ च्या नियमांत आहे. जनुकीय अहवाल हातात मिळणार असेल तर घ्यायचा की नाही हे आधी घरात बोला. अल्झायमर या डिमेन्शियाच्या प्रकाराचा धोका वाढवणारा एक जनुकप्रकार सापडला म्हणून आजार होईलच असं नसतं, पण लग्नाच्या बोलणीत हा बारकावा कोण ऐकून घेणार?

प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी मागायला लाजू नका. हजार विड्यांवर पोट असलेल्या बाईचे तीन तास फुकट नसतात, आणि ते देण्याची तरतूद नियमांत आहे. उलट कुणी तुमच्याकडून पैसे मागितले तर उठून या. ‘स्टेम सेलने कंपवात, डिमेन्शिया बरा’ अशा जाहिराती येतात. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा आजारांत स्टेम सेल मंजूर चाचणीबाहेर देता येत नाहीत, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घेणं बसत नाही. तरी लोक शेत गहाण ठेवून देतात.

अभ्यास मधेच सोडता येतो, कारण न सांगता. तुमच्या नेहमीच्या उपचारावर त्याचा परिणाम होता कामा नये.

तपासणीचा दिवस

सकाळची वेळ मागा. संध्याकाळी बऱ्याच रुग्णांचा गोंधळ वाढतो. चष्मा, कानाचं यंत्र आणि कवळी बरोबर. कमी ऐकू येणाऱ्या माणसाची परीक्षा यंत्राशिवाय घेतली की तो उगाचच नापास होतो. पुण्याला जायचं असेल तर हुतात्मा एक्सप्रेसने सकाळी जाऊन संध्याकाळच्या परतीने येता येतं, पण ऐंशीच्या माणसाला उतरल्या उतरल्या परीक्षेला बसवू नका. आदल्या दिवशी जाऊन मुक्काम करा.

परीक्षेत उत्तरं पुरवू नका. हे लिहायला सोपं आहे. ‘आज वार कोणता?’ विचारल्यावर आई आपल्याकडे पाहते तेव्हा गप्प बसणं भारी जातं. ते जमणार नसेल तर खोलीबाहेर बसा.

भाषा कोणती, हे आधी ठरवून घ्या. साखर पेठेतल्या पद्मशाली आज्जींचं मराठी झकास असतं, पण डिमेन्शियात नंतर शिकलेली भाषा बऱ्याचदा आधी ढासळू लागते, आणि मग मराठीतली परीक्षा आजाराऐवजी भाषाच मोजते. आयसीएमआरने भारतीय भाषांसाठी तपासणीसंच तयार केला तेव्हा पहिल्या पाच भाषांत हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम होत्या. मराठी नव्हती. म्हणजे सोलापुरात गंमत अशी की पूर्व भागातल्या आज्जींसाठी साधन आहे, अक्कलकोटकडच्या कन्नड आज्जींसाठी आहे, आणि बार्शीच्या आज्जींसाठी शोधावं लागतं.

आजार घरात नसेल तर

निरोगी माणसंही लागतात, तुलनेसाठी. रुग्णाची बायको किंवा नवरा यांना यासाठी बरेचदा विचारलं जातं, कारण घर, जेवण, राहणी सारखीच असते. सांभाळ करणाऱ्यांच्या मुलाखतींचे अभ्यास असतात, त्यांत ना रक्त ना औषध, नुसतं मोकळेपणाने बोलायचं.

भाषेची मदत ही तर सोलापूरची खास जागा. प्रश्नावली भाषांतरित झाली की ती दुसऱ्याकडून उलट भाषांतरित करून पडताळतात, आणि मग थोड्या लोकांवर चालवून पाहतात. ‘आपण कितव्या मजल्यावर आहोत?’ हा प्रश्न बैठ्या घरातल्या म्हातारीला निरर्थक आहे, हे दिल्लीत बसलेल्याला कळत नाही. निरक्षर लोकांसाठी हरियाणातल्या बल्लभगडच्या अभ्यासात सुधारलेली चाचणी तयार झाली, तिथे शंभरातून सात वजा करत जाण्याऐवजी आठवड्याचे वार उलटे म्हणायला लावतात. असे बदल सुचवायला गावातली माणसंच लागतात. निवृत्त शिक्षक, बालवाडीच्या बाई, दोन-तीन भाषा सहज बोलणारा किराणा दुकानदार, कुणीही.

फारसं कुणाला माहीत नसलेलं एक दार म्हणजे नैतिकता समिती. औषधचाचण्यांच्या नियमांप्रमाणे तिच्यात किमान सात सदस्य असतात, निम्मे संस्थेबाहेरचे, अध्यक्षही बाहेरचा, आणि त्यात एक सामान्य नागरिक आणि एक कायद्याचा जाणकार लागतो. सामान्य नागरिकाचं काम एवढंच की संमतीपत्र वाचून ‘हे मला समजलं नाही’ असं डॉक्टरांच्या तोंडावर म्हणायचं. सोलापुरी माणसाला हे जड जाऊ नये. वैद्यकीय महाविद्यालयाच्या समितीच्या सदस्य-सचिवांना अर्ज करा. जागा रिकामी होईपर्यंत थांबावं लागेल.

मेंदूदानाबद्दल लोक विचारतात. बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू आणि मनोविकारांच्या संस्थेत १९९५ पासून मेंदूपेढी आहे, पण मेंदू मृत्यूनंतर काही तासांत पोहोचावा लागतो आणि बंगळुरू इथून सहाशे किलोमीटरवर. सोलापुरातून ते बहुधा जमत नाही. देहदान मात्र गावातच होतं, त्यासाठी शरीररचनाशास्त्र विभागात अर्ज भरून ठेवा आणि घरच्यांना सांगून ठेवा.

वस्तीत शिबिर किंवा सर्वेक्षण ठरवत असाल तर तारखा पाहून ठरवा. आषाढीच्या आधीचे पंधरा दिवस जिल्ह्यातली आरोग्य यंत्रणा पंढरपूरच्या वाटेवर असते, संक्रांतीला गड्ड्याची यात्रा असते, आणि एप्रिल-मे मध्ये दुपारी बाराला म्हाताऱ्या माणसाला घराबाहेर काढणंच चुकीचं. ऑगस्टनंतर दिवाळीच्या आधी, किंवा मग फेब्रुवारी. आणि पथक येऊन गेल्यावर सहा महिन्यांनी विभागात फोन करून विचारा: निष्कर्ष काय निघाला, आणि तो समाजमंदिरात येऊन मराठीत आणि तेलुगूत सांगायला कधी येताय?